ओसिच्नाची रुजवात

१

आमचा प्रांत एकतीस डिसेंबरला, गुरुवारी, संपला. शुक्रवारी नवीन वर्षाची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. सोमवारी सकाळी साडेसातला मी नेहमीप्रमाणे कामावर आले, कोट खुंटीला अडकवला आणि मस्टरवर सही केली. ज्या कार्यालयाचं ते मस्टर, ते कार्यालय आता कुठेच नव्हतं. पण सही केल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, त्याला मी काय करू?

पोलंडच्या एकोणपन्नास प्रांतांचे सोळा करायचे असं वॉर्सात ठरलं आणि आमचा बाद झाला. तेवीस वर्षं आणि सात महिने टिकला. "आमच्या मेव्हणीचं मांजर जवळपास तेवढं जगलं," असं आमचा दारवान हिएरोनिम म्हणायचा. मला त्याचं हसू यायचं नाही, कारण पंचाहत्तर साली प्रांत झाला त्या पहिल्या दिवसापासून मी इथे होते. वयाची तेहेतीस ते छप्पन्न ही वर्षं मी या इमारतीत घालवली. लग्न नाही, मूलबाळ नाही. विचारणाऱ्याला मी सांगायचे की मला प्रांत आहे, आणि ते अर्धं खरंच होतं.

प्रांताची पश्चिम बाजू एका शेजाऱ्याकडे गेली, पूर्व बाजू दुसऱ्याकडे. मग खुर्च्या, टेबलं, कुंड्यासुद्धा वाटून नेल्या. तीन मजली इमारतीत मार्चअखेरपर्यंत दोनच माणसं राहणार होती. खाली दारात हिएरोनिम, आणि दुसऱ्या मजल्यावर मी, कागद निवडायला. 'अ' म्हणजे कायम जपायचे, 'ब' म्हणजे ठरावीक वर्षांनी लगद्यात. ग्लासात पाणी घेऊन त्यात तापवायची तार सोडायची, उकळलं की कॉफीची पूड टाकायची, गाळ खाली बसेपर्यंत एक गठ्ठा सोडायचा, असा माझा दिवस. वाफेचे नळ टकटक करायचे. रिकाम्या इमारतीत तेवढाच आवाज.

आवक नोंदवही मी स्वतः बंद केली होती. शेवटचा क्रमांक अठरा हजार चारशे सहा. खाली लाल शाईने दोन रेघा आणि सही. गरुडाचे गोल शिक्के मोजून टाकसाळीकडे वितळवायला गेले. टपालावर मारायचा 'आवक' हा रबरी शिक्का मी कात्रीने कापून दोन तुकडे केले आणि ड्रॉवरमध्ये टाकले.

बारा जानेवारीला काहीतरी जुनं शोधायला मी ती वही उघडली. लाल रेघांच्या खाली आणखी एक नोंद होती.

१८४०७. ओसिच्ना गावाचे रहिवासी. विषय: आम्ही कोणाकडे?

निळी शाई. अक्षर सुबक, सरकारी, थेट माझ्यासारखं. पण आमच्याकडे काही वर्षं काढली की सगळ्यांचंच अक्षर तसं होतं, म्हणून मी त्याचं फार मनावर घेतलं नाही.

२

"हिएरोनिम, ही तुमची थट्टा असेल तर आत्ताच सांगा."

तो पावावर चरबी आणि कांदा घेऊन शब्दकोड्यापुढे बसला होता. "कसली थट्टा, लुत्सिनाबाई?"

"माझ्या वहीत कोणीतरी लिहिलंय."

"मला हा गुडघा घेऊन पहिला मजला चढवत नाही, आणि तुमच्या वहीत लिहायला मी दुसरा चढेन?" त्याने पेन्सिल कानामागे खोचली. "एकटीनं बसून बसून डोकं फिरायला लागलंय तुमचं. खाली येऊन बसत जा जरा. निदान हीटर तरी आहे."

"पोस्टमन आला होता?"

"त्याला मी कधीच सांगितलंय, इथलं दुकान उठलं म्हणून. नवीन वर्षापासून कुत्रंसुद्धा फिरकलेलं नाही."

मी वर गेले आणि भिंतीतल्या टपालाच्या लाकडी कप्प्यांमध्ये हात घातला. पूर्वेच्या ओळीत एका कप्प्यात पाकीट होतं. त्यावर तिकीट नव्हतं. आत चौकटींच्या वहीचं फाडलेलं पान, आणि डाव्या कोपऱ्यात 'आवक'चा शिक्का, त्याच दिवशीच्या तारखेचा. मी ड्रॉवर उघडला. शिक्क्याचे दोन तुकडे तिथेच होते, कोरडे.

"प्रांतप्रमुख महोदयांस. ओसिच्नाचे खालील सही करणारे विचारतात की एक जानेवारीपासून आम्ही कोणाच्या हद्दीत आहोत. बस थांबत नाही. टपाल येत नाही. बर्फ काढणारी गाडी आमच्या आधीच मागे वळते. कृपया लवकर कळवावे."

खाली सात सह्या. पहिली होती गेनोवेफा सादुरा.

गेनोवेफा म्हणजे गेनिया, माझी थोरली बहीण. ओसिच्ना माझं गाव आहे. सात-आठ घरं, एक विहीर, रस्त्याच्या एकाच बाजूला. गेनिया तिथेच राहिली आणि तिने आईला सांभाळलं. मी बसने शहरात आले ती आलेच. नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा आमच्याकडे वॉर्साहून तपासणी आली होती. तीन दिवस आई माझं नाव घेत होती आणि गेनिया तीन दिवस शेजारच्या गावाहून ऑफिसात फोन करत होती. टेलिफोनवाल्या मुलीला मी सांगून ठेवलं होतं, मी मीटिंगमध्ये आहे म्हण. चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा शवपेटीवर माती पडत होती. गेनिया सगळ्यांसमोर म्हणाली, "आधी तुझं ऑफिस पुरून ये, मग आईला पुरायला ये."

त्यानंतर आम्ही बोललो नाही. तिने पत्र लिहिलं नाही, मीही नाही. आता तिचं अक्षर माझ्या हातात होतं, कणीक तिंबल्यासारखं दाबून लिहिलेलं, आणि ते मला नव्हे, कार्यालयाला आलं होतं. मला आधी राग आला. ऑफिस पुरलं गेल्यावरच हिला ऑफिसची आठवण झाली, असं वाटलं. मी पत्र दोन दिवस तसंच पडू दिलं.

३

गुरुवारी खाली जाऊन पूर्वेच्या नव्या कार्यालयाला फोन लावला. इमारतीत तो एकच फोन चालू होता, हिएरोनिमच्या टेबलावर. पलीकडे एक मुलगी होती.

"ओसिच्ना? थांबा हं. ओर्लिकी, मग ओसोवा. मध्ये काही नाही."

"मध्येच तर आहे गाव."

"अहो बाई, यादी माझ्यासमोर आहे."

"ती यादी मीच टाइप केलेली आहे."

"मग मला कशाला विचारताय?" म्हणाली, आणि हसली.

पश्चिमेला सर्दी झालेला एक गृहस्थ भेटला. "ओल्शिनी आहे, प्यास्की आहे. तुमचं ते नाही. पूर्वेला विचारा."

"विचारलं."

"मग असेल तिथेच कुठेतरी. गाव काय कोणी खिशात घालून नेतं का?"

मी वर येऊन माझ्याकडच्या प्रती काढल्या. नवी हद्द आमच्या एका तालुक्याच्या मधून गेली होती, म्हणून त्यातल्या गावांच्या पोलिश वर्णक्रमाने दोन याद्या झाल्या, एक पश्चिमेला द्यायची आणि एक पूर्वेला. ओल्शिनी पश्चिमेला गेलं, ओसोवा पूर्वेला. ओसिच्ना त्या दोघांच्या मध्ये, आणि ते दोन्ही याद्यांत नव्हतं.

आमच्याकडे कुठलीही यादी रुजवातीशिवाय बाहेर जात नसे. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नव्या प्रतीवर खूण करत 'आहे' म्हणायचं. ऐकणाऱ्याने वर बघायचं नाही, नजर आपल्या कागदावर ठेवायची. शेवटी दोघांची आद्याक्षरं. तेवीस वर्षं माझ्यासमोर बारबरा बसायची. चार डिसेंबरला बारबराचा नामदिवस, म्हणजे तिच्या नावाच्या संताचा सण, त्यात कार्यालयातला शेवटचा, म्हणून सगळा मजला केक खायला गेला. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. तिसऱ्या मजल्यावरच्या लहान खोलीत मी एकटीच बसले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला याद्या वाचून दाखवल्या. 'आहे'ही मीच म्हणत होते. खाली बारबराचं आद्याक्षर मीच घातलं. दमले होते. एखादं नाव सुटलं असेल, माणूस आहे.

अठरा तारखेला वहीत १८४०८ होता. कप्प्यात पाकीट.

"पत्राचे उत्तर आले नाही. दुपार लहान होत चालली आहे. विहिरीचा रहाट वाजतो पण बादली रिकामी येते. कृपया कळवावे." सह्या चार.

बाकीचे तिघे कुठे गेले ते लिहिलं नव्हतं. त्यातल्या एकाने, म्हाताऱ्या फ्लोरियनने, मला लहानपणी सायकल शिकवली होती. मी त्याची सही शोधत बसले. ती नव्हती.

त्याच दुपारी, तीनच्या सुमाराला, उजेड उतरायला लागला तेव्हा वाफेचे नळ थांबले आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी वाचत असल्याचं माझ्या लक्षात आलं. संथ, सारख्या चालीचा आवाज. शब्द कळत नव्हते, पण ती चाल मला पाठ आहे. नाव, थोडं थांबणं, पुढचं नाव. एका ठिकाणी मात्र ते थांबणं लांबलं. मी श्वास धरून मोजत होते. अकरापर्यंत मोजल्यावर आवाज पुढे गेला.

निघताना हिएरोनिम म्हणाला, "आज एवढ्या मोठ्यानं काय वाचत होतात? सगळं आवरलं तरी तुमचं चालूच."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"न यायला काय झालं? मी बहिरा नाही. तुमचाच आवाज."

४

शनिवारी सकाळी मी बसने गेले. पिशवीत एक खसखशीची वडी होती. समेट करायला रिकाम्या हाताने जात नाहीत.

"ओसिच्ना सांगा," मी ड्रायव्हरला म्हटलं.

"ओल्शिनीनंतर ओसोवाच, बाई."

"चाळीस वर्षं बस थांबते तिथे."

"मी नवीन आहे. पण रस्ता जुनाच दिसतोय," तो म्हणाला, आणि मागच्या दोघीजणी हसल्या.

मी ओल्शिनीला उतरले. चर्चपासून आमच्या विहिरीपर्यंत चाळीस मिनिटं आणि तिथून ओसोव्यापर्यंत तेवढीच. हा रस्ता मी शाळेत जाताना आठ वर्षं तुडवलेला आहे. ऊन होतं, बर्फाची चकाकी डोळ्यांत जात होती. वीस मिनिटं झाली आणि समोर ओसोव्याचं दुकान दिसायला लागलं. मी घड्याळ कानाला लावून पाहिलं. मग मागे फिरले, आणि या वेळी हळू चालले, पावलं मोजत.

दोन्हीकडे शेत. घर नाही, कुंपण नाही, झाडसुद्धा नाही. साधारण मध्यावर मला ओलं लाकूड जळल्याचा वास आला. रहाट कुरकुरला. आणि डाव्या बाजूला, रस्त्याला लागून, बर्फ झाडलेलं होतं.

दोन हात लांब, दीड हात रुंद. दारापुढे झाडतात तेवढंच. खराट्याच्या रेघा उजवीकडून डावीकडे वळलेल्या, कारण गेनिया डावखुरी आहे. त्या झाडलेल्या जागेच्या पलीकडे नुसतं शेत होतं, गुडघाभर बर्फाखाली, आणि त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"गेनिया," मी म्हटलं. हाक मारली नाही, नुसतं म्हटलं.

पलीकडे कोणीतरी पाय झटकले. दोनदा. घरात शिरताना बुटांचं बर्फ झटकतात तसे. मग काहीच नाही. दार उघडं ठेवून कोणी थांबलं असेल तर जेवढी शांतता होईल, तेवढी शांतता.

मला एक पाऊल टाकायचं होतं, त्या झाडलेल्या जागेवर. मी ते टाकलं नाही. भीती वाटली, हे खरंच आहे. पण नुसती भीती नव्हती. तिने आधी बोलावं असं मला वाटत होतं. त्या थंडीत, त्या रस्त्यावर उभं राहूनसुद्धा मला तेच वाटत होतं. मी वडीची पिशवी तशीच हातात धरून ओसोव्याकडे चालू लागले.

दुकानातली बाई हात पुसत बाहेर आली. "ओसिच्ना? नाव ऐकल्यासारखं वाटतंय. तुमचं कोण आहे तिथे?"

"बहीण."

"मग बाई, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं. मला काय विचारता?"

५

सोमवारी १८४०९. पाकिटात अर्धंच पान.

"आई विचारते, लुत्सिना मीटिंगमधून सुटली का."

खाली गेनियाची सही. तिच्याखाली तीन फुल्या, वाकड्या, एकीवर एक चढलेल्या. आमच्या आईला लिहिता येत नव्हतं. कागदावर सही करायची वेळ आली की ती तीन फुल्या मारायची आणि दर वेळी तिसरी दुसरीवर चढायची.

मी ते पान पालथं घालून ठेवलं आणि खुर्चीत बसले.  आता जे लिहिते आहे ते कोणाला सांगितलेलं नाही.

नाव नुसतं सुटलं नव्हतं. टाइप करताना सुटलं असेल, त्याचं मला आठवत नाही. पण चार डिसेंबरला रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवताना मी जुन्या यादीतलं ओसिच्ना वाचलं, नव्या प्रतीवर बघितलं, आणि ते तिथे नव्हतं. मला दिसलं. खालून केक कापतानाचं गाणं ऐकू येत होतं. पेन हातात होतं, दोन ओळींच्या मधे लिहायला जागाही होती. आणि मी मनात म्हटलं, असू दे. फिरू दे तिला दहा कचेऱ्या, कळू दे ऑफिस काय असतं ते. मग मी 'आहे' म्हणाले आणि पुढचं गाव वाचलं.

एवढंच. एक शब्द, रिकाम्या खोलीत. त्यावर दोन आद्याक्षरं पडली, याद्या गेल्या, कायदा झाला.

बुधवारी केंपा आला. पूर्वेच्या कार्यालयाने कागद ताब्यात घ्यायला पाठवलेला तरुण अधिकारी, कमरेला मोबाइल, स्वभावाने वाईट नाही. मी त्याच्यापुढे दुरुस्तीपत्रक ठेवलं.

"हे काय?"

"एक गाव राहून गेलंय. माझी चूक आहे, मी लिहून देते. तुम्ही फक्त सही करा."

त्याने वाचलं. "लुत्सिनाबाई, हा आदेश तुमच्या प्रांताचा. दुरुस्ती कोणी करायची? त्याच प्रांताने. तो आहे कुठे?"

"मी आहे ना."

"तुम्ही म्हणजे प्रांत नाही हो." तो हे मऊपणाने म्हणाला, त्यामुळे जास्त लागलं. "शिक्का नाही, प्रमुख नाही. हे मी कशावर घेऊ? आणि कशासाठी? तिथे राहतं तरी का कोणी?"

"माझी बहीण."

"मग त्यांना सांगा, अर्ज करायला."

"केलाय तिने. तीनदा."

मी त्याला पाकिटं दाखवायला कप्प्यापाशी नेलं. कप्प्यात चौकटींच्या वहीचे तीन कोरे कागद होते. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि जाताना खाली हिएरोनिमशी बराच वेळ हळू आवाजात बोलला.

६

तीन वाजता नळ थांबले. वर वाचायला सुरुवात झाली.

मी पेन्सिलला टोक केलं, दोन्ही याद्यांच्या प्रती घेतल्या आणि जिना चढले. चढताना मला माझ्याबद्दल हसू येत होतं. छप्पन्न वर्षांची बाई, वेडी झालेली, आणि पेन्सिलला टोक करून निघालेली. पण रुजवातीला दोन माणसं लागतात, आणि त्या दिवशी एकच होतं. ही चूक दुरुस्त करायला शिक्का नको होता, केंपाची सही नको होती. दुसरं माणूस हवं होतं. त्या इमारतीत हे समजणारं कोणी नव्हतं, पण वर जे वाचत होतं त्याला ते समजत असणार.

दार लोटलेलं होतं. मी आत गेले ती खाली बघतच. खुर्ची ओढली, बसले, कागद मांडले. वाचणं थांबलं नाही. आवाज माझ्यापासून टेबलाच्या रुंदीवर होता आणि तो माझाच होता, चार डिसेंबरचा, थोडा बसलेला.

"झाबोक्ली नाही, याबवोन्ना," आवाजाने स्वतःलाच दुरुस्त केलं. मी तशीच चुकले होते त्या दिवशी.

"आहे," मी म्हटलं, आणि खूण केली.

नाव, खूण. नाव, खूण. नजर वर करायची नाही. टेबलाच्या काठावर मला फक्त एक हात दिसत होता, पान उलटायला आलेला. तर्जनीवर पानं उलटायची रबरी टोपी. तसली टोपी माझ्याच बोटात होती, मी ती चाचपून पाहिली.

"ओल्शिनी."

"आहे."

मग थांबणं. मी पेन्सिल दोन ओळींच्या मधे टेकवली आणि नुसते आकडे मोजले. अकरा आकडे झाले. "प्यास्की," आवाज म्हणाला, आणि पश्चिमेची यादी पुढे निघून गेली. मला रडू आलं. पण दुसरी यादी उरली होती. अश्रू कागदावर पडू नयेत म्हणून मी कागद पुढे सरकवला आणि टोपीच्या बोटाने ओळ धरून ठेवली.

"ओर्लिकी."

"आहे."

थांबणं. खोलीत ओल्या लाकडाचा धूर आला.

"ओसिच्ना," मी म्हटलं. "ओसिच्ना राहिलं. मी पाहिलं होतं. मी पाहून सोडलं."

 मग अगदी जवळून, न वाचता, कोणीतरी नुसतं बोलावं तसं म्हटलं, "आहे."

"ओसोवा," आवाज पुढे वाचू लागला.

यादी संपली तेव्हा तो हात एक कागद माझ्याकडे सरकवून मागे गेला. वाचणाऱ्याचं आद्याक्षर घातलेलं होतं. मी ऐकणाऱ्याचं घातलं, या वेळी माझं. मग वर बघितलं. खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकलेली होती आणि खोलीत अंधार व्हायला लागला होता.

७

आज सकाळी मस्टरवर सही न करताच मी हिएरोनिमच्या टेबलापाशी बसले आणि पूर्वेला फोन लावला. तीच मुलगी.

"ओसिच्ना? आहे की. ओर्लिकी, ओसिच्ना, ओसोवा."

"मागच्या वेळी नव्हतं म्हणालात."

"मी? काहीतरीच काय. यादी तुमचीच आहे, बाई, तुमचं आद्याक्षर आहे इथे."

मी भिंतीला टेकले.  "लोकवस्ती किती दिली आहे?"

पान उलटल्याचा आवाज आला. "एक."

"एक घर?"

"एक माणूस. एकटंच कोणीतरी राहतं. नाव पण आहे. सांगू?"

मी फोन ठेवून दिला.

हिएरोनिमने हीटर माझ्या पायांकडे वळवला. "काय झालं? बहिणीचं काही?"

"गाव सापडलं."

"मग चांगलंच झालं की. असा चेहरा का केलात?"

त्याला काय सांगणार? मी पहिलं पत्र दोन दिवस पडू दिलं तेव्हा सात माणसं होती. ती झाडलेली जागा ओलांडली असती तर निदान दोघी असत्या. मी जेवढी ताणून बसले तेवढी माणसं गेली, आणि आता एक उरलं आहे. ते कोण, हे मी ऐकून घेतलं नाही. ते मला कागदावरून कळायला नको आहे.

वहीत आज नवी नोंद नाही. कप्पाही रिकामा आहे. हे टिपण मी 'अ'च्या शेवटच्या गठ्ठ्यात ठेवते आहे आणि किल्ल्या हिएरोनिमकडे देते आहे. केंपाला सांगा, माझी वाट पाहू नका. उद्या सकाळी नऊच्या बसने मी जाणार. ड्रायव्हरला यादी दाखवेन, त्याला थांबावं लागेल.

दारात गेनिया असेल तर ती बोलायच्या आत मी बोलेन. आई असेल तर सांगेन, मीटिंग संपली. आणि तिथे कोणीच नसेल, त्या यादीत जे एक नाव आहे ते माझंच असेल, तर रोज सकाळी दारापुढचं बर्फ मलाच झाडावं लागेल. कोणी आलं तर त्याला दार कुठे आहे ते कळायला हवं. हिएरोनिमकडून खराटा मागून घेतला आहे.